रिपोर्टमधली सहावी ओळ

आधी पत्र, थोडं आटोपशीर करून.

‘ताई, माझे बाबा ६३ वर्षांचे. मागच्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देण्याआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्ट आणायला मीच गेले होते. शेवटी “इम्प्रेशन”मध्ये, म्हणजे निष्कर्षात, लिहिलं होतं, “फुफ्फुसात सक्रिय आजाराची लक्षणं नाहीत.” मी तिथूनच घरी फोन केला, सगळं नॉर्मल आहे म्हणून. सर्जननी कागद उघडून पाहिला, “छान” म्हणाले. ऑपरेशन नीट पार पडलं.

चौदा महिन्यांनी बाबांच्या खोकल्यातून रक्त पडलं. सीटी स्कॅन झाला, बायोप्सी झाली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ३२ मिलिमीटरची गाठ. कर्करोग, आणि तो छातीच्या मधल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला. तिसरी स्टेज. नव्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे स्क्रीनवर लावला, पेनाचं टोक एका जागी टेकवलं आणि म्हणाले, “हा तेव्हाही इथे होता की.” याला आता दोन महिने झाले. त्या रात्री मी जुना रिपोर्ट पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचला. सोबत जसाच्या तसा उतरवून पाठवते आहे.

भरपाई मागता येईल का? मागावी का? बाबा म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, डॉक्टरही माणूसच असतो. भाऊ म्हणतो, सरळ पोलिसांत जाऊ. मला रात्र-रात्र झोप लागत नाही. रिपोर्ट माझ्याच हातात होता.
एक लेक’

तुम्ही उतरवून पाठवलेला रिपोर्ट वाचून झाल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. ‘फाइंडिंग्ज’खाली, म्हणजे फिल्मवर जे दिसलं त्याच्या नोंदीत, नऊ ओळी आहेत. हृदयाचा आकार ठीक, श्वासपटल ठीक, बरगड्या ठीक. या सगळ्या ठीकच्या मधोमध सहावी ओळ: ‘उजव्या वरच्या भागात अंदाजे ११ मिलिमीटरची अस्पष्ट गोलसर छाया, आधीची फिल्म असल्यास तुलना करावी.’ आणि खाली ‘इम्प्रेशन’मध्ये त्या छायेचा उल्लेखसुद्धा नाही.

झोपेचं आधी बोलू, कारण झोप नसलेल्या माणसाच्या हातून पुढचं एकही काम धड होत नाही. रिपोर्ट तुमच्या हातात होता हे खरं, पण तो तुम्हाला उद्देशून लिहिलेला नव्हता. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेला तो निरोप होता, आणि तुम्ही तो वेळेवर पोचवलात. सहावी ओळ तेव्हा वाचली असतीत तरी ‘आजाराची लक्षणं नाहीत’ या शेवटच्या ओळीवरच विसंबला असतात, कारण शेवटी लिहिलेला तोच निष्कर्ष असं आपण सगळेच धरून चालतो. सर्जननीही तेच केलं, आणि त्यांना तर तो कागद वाचण्याचं शिक्षण मिळालेलं होतं. पुढे कधी समोरचा वकील म्हणेल, ‘रिपोर्ट तर रुग्णाच्या मुलीकडेच होता.’ म्हणू द्या. रेडिओलॉजीच्या, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचण्याच्या शास्त्राच्या, भाषेतली एक ओळ सामान्य माणसाने ओळखून दाखवावी, अशी अपेक्षा ठेवणं न्यायाचं नाही.

आता मुख्य प्रश्न. भरपाई मागता येईल, आणि तुमची बाजू मला भक्कम वाटते. मात्र ज्या वाक्यामुळे ती तुम्हाला भक्कम वाटते आहे, ते नव्या डॉक्टरांचं ‘हा तेव्हाही इथे होता की’, हा तुमच्याकडचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे.

असं का, ते नीट सांगते. गाठ कुठे आहे हे एकदा कळलं की ती जुन्या फिल्मवर कुणालाही दिसते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी जी तपासणी मोहीम राबवली होती, तिच्यात फुफ्फुसाच्या कडेच्या भागात सापडलेल्या गाठींपैकी ९० टक्के गाठी मागे वळून पाहताना आधीच्या एक्स-रेवर दिसल्या. १९८३ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच्या कितीतरी आधी, १९४९ मध्ये, एल. हेन्री गार्लंड या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने दाखवून दिलं होतं की आजार असलेल्या फिल्म वाचताना तज्ज्ञांच्या नजरेतून सुमारे ३० टक्के वेळा तो निसटतो. आणि २०१३ सालचा एक प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगते. फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ रेडिओलॉजिस्ट त्या स्कॅनमध्ये गाठी शोधत होते. त्यांतल्या २० जणांना गोरिला दिसला नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्यावरून फिरली होती, तरी दिसला नाही.

डॉक्टरांची बाजू मांडावी म्हणून हे लिहीत नाहीये. न्यायालयात हे सगळं तुमच्यासमोर येणार आहे, म्हणून लिहिते आहे. कायद्यात चूक आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलम खटल्यापासून कसोटी अशी की त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट जसं वागला असता तसंच हा डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी ठरत नाही. १९९७ मध्ये बोलिथो खटल्यात त्याला पुस्ती जोडली गेली: त्या गटाचं मत तर्कालाही धरून हवं, नुसतं ‘आम्ही असंच करतो’ म्हणून भागणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात बोलमची कसोटी उचलून धरली. त्यामुळे ‘दिसायला हवं होतं’ एवढ्यावर उभा केलेला दावा पुष्कळदा कोसळतो. नजरेची मर्यादा ही खरीच गोष्ट आहे.

तुमचं प्रकरण वेगळं आहे ते इथे. बाबांच्या छातीतली छाया कुणाच्या नजरेतून निसटलीच नाही. ती दिसली, मोजली आणि लिहिलीही गेली. त्यानंतर हरवली. नजर चुकली असती तर समोरच्यांना गोरिलाचा आधार घेता आला असता. इथे चुकला तो निरोप, आणि निरोप चुकल्याला असा आधार नाही. ११ मिलिमीटरची गोल छाया साठीपुढच्या माणसाच्या फुफ्फुसात दिसली तर ती निष्कर्षात यायला हवी, ‘सीटी करून घ्या’ असं स्पष्ट लिहायला हवं, आणि ज्या डॉक्टरने एक्स-रे मागवला त्याला ते कळलं की नाही याचीही काळजी घ्यायला हवी. अनपेक्षित आणि गंभीर काही सापडलं तर फोन उचलून सांगायचं, हे या व्यवसायात सर्वमान्य आहे.

रेडिओलॉजिस्ट म्हणतील, ‘मी लिहिलं होतं.’ सर्जन म्हणतील, ‘निष्कर्ष स्वच्छ होता, मी त्यावर गेलो.’ रुग्णालय म्हणेल, रेडिओलॉजिस्ट आमच्या पगारावर नाहीत, बाहेरच्या संस्थेकडून रिपोर्ट येतात. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. म्हणून पहिल्या नोटिशीपासूनच तिघांची नावं घ्यायची. एकावर राग आहे म्हणून त्या एकालाच धरलंत, तर तो उरलेल्या दोघांवर ढकलून मोकळा होईल, आणि तोवर त्या दोघांविरुद्धची मुदत सरलेली असेल.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तिकडे येते. तुम्ही, भाऊ, नवे डॉक्टर, सगळे त्या सावलीकडे बघताय. दावा मात्र चौदा महिन्यांवर उभा राहणार आहे. चूक झाली एवढं दाखवून भरपाई मिळत नाही. त्या चुकीने बाबांचं काय बिघडलं, हे दाखवावं लागतं. कर्करोग त्या रिपोर्टमुळे झालेला नाही, तो आधीपासूनच होता. मग रिपोर्टमुळे नेमकं गेलं काय?

इंग्लंडमधला ग्रेग विरुद्ध स्कॉट हा खटला बघा. एक्स-रेचा नव्हता, काखेतल्या गाठीचा होता. डॉक्टरांनी गाठ साधी असल्याचं सांगितलं, निघाला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. उपचाराला नऊ महिने उशीर झाला. दहा वर्षं रोगमुक्त राहण्याची त्या माणसाची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, असं न्यायालयाने धरलं. तरीही २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी त्याचा दावा फेटाळला. कारण काय, तर उशीर झाला नसता तरी तो बरा होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच होती, म्हणजे उशिरामुळेच त्याचं बरं होणं हुकलं असं म्हणता येत नाही. वाचताना काळजात कळ येते. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्सुयामा खटल्यात याच्या उलट भूमिका घेतली: वाचण्याची जेवढी संधी गेली, तेवढ्या प्रमाणात भरपाई द्यायची. म्हणजे हकिकत सारखी असली तरी तुम्ही कुठल्या न्यायालयासमोर उभ्या आहात त्यावर निकाल फिरू शकतो. वकिलाला भेटाल तेव्हा पहिल्या पाच प्रश्नांत हा एक असू द्या: आपल्याकडे ‘गमावलेली संधी’ भरपाईला पात्र धरतात की नाही?

बाबांच्या बाजूने काय आहे ते आता पाहू. गाठीची वाढ आकडेमोडीने मागे नेऊन बघता येते. गोल गाठीचा व्यास साधारण २६ टक्के वाढला की तिचं आकारमान दुप्पट होतं. ११ वरून ३२ मिलिमीटर म्हणजे व्यास तिप्पटही झालेला नाही, पण आकारमान जवळपास २५ पट. चौदा महिन्यांत चारहून जास्त वेळा दुप्पट. एक्स-रेवरचं माप आणि सीटीवरचं माप तंतोतंत जुळत नाही, हे समोरून सांगितलं जाईल आणि ते बरोबरही आहे. तरी दिशा दिसते. त्या वेळी सीटी झाला असता, रोग ग्रंथींपर्यंत गेलेला नसता, तर शस्त्रक्रियेने तेवढा भाग काढून टाकणं हा नेहमीचा मार्ग होता. आज बाबांसमोर केमो आणि रेडिएशन आहे. ‘तेव्हाही सूक्ष्म पेशी ग्रंथींत पोचलेल्या असू शकतात’ हा समोरच्यांचा मुख्य बचाव असेल. त्याला उत्तर देणं कर्करोगतज्ज्ञाचं काम आहे. म्हणून तुम्हाला दोन तज्ज्ञ लागतील: निरोप चुकला हे सांगायला रेडिओलॉजिस्ट, आणि उशिराने काय बिघडलं हे सांगायला कर्करोगतज्ज्ञ. पुष्कळ कुटुंबं पहिल्यावरच सगळा जोर लावतात आणि दुसऱ्यापाशी अडकतात.

एक बारीक गोष्ट तुमच्या कदाचित ध्यानात आली नसेल. ‘तेव्हा निदान झालं असतं तरी यांना फुफ्फुसाचं मोठं ऑपरेशन झेपलं नसतं’ असंही म्हटलं जाऊ शकतं. पण त्याच आठवड्यात बाबांना भूल दिली गेली, त्यासाठी त्यांचं हृदय आणि श्वास तपासला गेला, आणि ते ठणठणीत बाहेर आले. हर्नियाचे ते कागद टाकून देऊ नका. भूलतज्ज्ञाने त्या दिवशी केलेल्या नोंदी तुमच्या कामाच्या आहेत.

कागदांचं बोलायचं तर आजपासूनच सुरुवात करा, वकील मिळण्याची वाट बघू नका. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागा. तिला डायकॉम म्हणतात, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळते. छापील फिल्म किंवा स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नाही. मूळ फाइलमध्ये उजेड आणि ठळकपणा कमी-जास्त करून बघता येतो, शिवाय तारीख-वेळ आत नोंदलेली असते. रिपोर्टच्या सगळ्या आवृत्त्या मागा: प्राथमिक, अंतिम, मागाहून काही पुरवणी जोडली असेल तर तीही. सर्जननी एक्स-रे मागवताना भरलेला फॉर्म मागा, कारण त्यावर ‘जुना खोकला’ लिहिलं होतं की नुसतं ‘ऑपरेशनपूर्व’, यावर रेडिओलॉजिस्टची जबाबदारी काही अंशी अवलंबून असते. आणि जी मागणी फार थोडे लोक करतात ती म्हणजे प्रणालीतली नोंद: रिपोर्ट कुणी, कधी उघडला, कधी बदलला. रुग्णालयात प्रतिमा साठवणारी जी संगणक प्रणाली असते, पॅक्स, तिच्यात हा माग सहसा राहतो. कागदाशिवाय संगणकावरही सर्जननी रिपोर्ट उघडला होता की नाही, आणि कधी, हे तिथून कळू शकतं.

यंत्रही साक्ष देतं, हे एका जुन्या घटनेवरून सांगते. चुकीचं वाचन हा इमेजिंगमधला एकच अपघात नाही. लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात २००९ मध्ये उघड झालं की मेंदूच्या एका प्रकारच्या सीटी स्कॅनमध्ये २०६ रुग्णांना ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे आठपट किरणं दिली गेली होती. दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही. एका रुग्णाचे केस गळायला लागले तेव्हा कळलं. प्रत्येक स्कॅनच्या वेळी दिलेली मात्रा यंत्रावर दिसत होती, बघितली कुणीच नव्हती. आकडे तिथेच असतात. मागणाऱ्याने ते मागावे लागतात, आणि जपून ठेवण्याची मुदत संपण्याआधी मागावे लागतात.

हे कागद मागण्याचा तुमचा हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही. भारतात वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात, आणि भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. अमेरिकेतल्या कायद्याने साधारण ३० दिवसांत, ब्रिटनमध्ये महिन्याभरात. तुम्ही कुठून लिहिता ते पत्रात नाही, आणि या सदराचे वाचकही चहूकडे पसरलेले आहेत, म्हणून दोन-तीन देशांचे नियम सांगत जाते.

एक्स-रे हातात आला की तो दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवाल. तेव्हा तोंड बंद ठेवा. ‘यात कर्करोग चुकला होता, बघा ना’ असं म्हणून दाखवलेल्या फिल्मचं मत न्यायालयात टिकत नाही, कारण शोधायचं काय हे तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. वकिलामार्फत, नाव झाकून, इतर चार-पाच फिल्मच्या गठ्ठ्यात घालून तो वाचायला दिला, आणि वाचणाऱ्याने स्वतःहून ‘इथे छाया आहे, सीटी हवा’ असं लिहिलं, तर त्या एका कागदाला फार मोठं वजन येतं. जुन्या रिपोर्टवर पेनाने खुणा करू नका, सहावी ओळ अधोरेखित करू नका. झेरॉक्सवर काय हवं ते करा. आणि यातलं काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका. भाऊ चिडलेला आहे, त्याला हे समजावून सांगा. डॉक्टरांचं नाव घेऊन टाकलेली एक पोस्ट तुमच्याविरुद्ध बदनामीच्या नोटिशीचं निमित्त होऊ शकते.

मुदत. इथे घाई करा असं मी स्पष्टच म्हणते. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. दोन वर्षं कधीपासून, यावरच भांडण होतं. तुम्ही म्हणाल, आम्हाला चूक कळली तेव्हापासून. समोरचे म्हणतील, रिपोर्टच्या तारखेपासून. त्यांचा हिशेब धरला तर चौदा महिने आणि वर हे दोन, असे सोळा महिने गेले. उरले आठ. तुम्ही हा आठ महिन्यांचा हिशेब डोक्यात ठेवून चाला. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण माफी गृहीत धरून बसू नये. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण मुदत तीन वर्षं, घटनेपासून किंवा चूक कळल्यापासून. अमेरिकेत राज्यागणिक वेगळी. उपचार संपू देत, बाबा बरे होऊ देत, मग बघू असं वाटणं साहजिक आहे. पण तेवढ्यात मुदत हातची जाते, आणि मग कितीही खरं असलं तरी कुणी ऐकून घेत नाही.

दाद कुठे मागायची? भारतात १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाविरुद्ध तो मार्ग नाही, तिथे दिवाणी न्यायालय. २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, चूक उघड असेल तर ग्राहक मंच त्याशिवायही निर्णय देऊ शकतो. तुमची सहावी ओळ त्या वर्गाच्या जवळ जाते, तरीही मी तज्ज्ञ घेईनच. इंग्लंडमध्ये दावा दाखल करण्याआधी सविस्तर पत्र पाठवायचं असतं आणि समोरच्यांना उत्तरासाठी चार महिने मिळतात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. न्यूझीलंडमध्ये गोष्टच निराळी. तिथे १९७४ पासून अपघात-इजेसाठी सरकारी भरपाई योजना आहे, उपचारांतून झालेली इजाही तिच्यात बसते. कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, आणि त्या बदल्यात डॉक्टरवर भरपाईचा खटलाही भरता येत नाही. सगळीकडे असंच असतं तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

भावाला पोलिसांपासून थांबवा. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत ढोबळ असावा लागतो, असं जेकब मॅथ्यू निकालातच म्हटलं आहे. निष्कर्षात एक ओळ राहून गेली एवढ्याने ती पातळी गाठली जाईल असं मला वाटत नाही, आणि तक्रार फेटाळली गेली की त्याचा कागद समोरच्यांच्या हाती जातो. वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, जरूर करा, पण तिथे शिस्तीची कारवाई होते, पैसे मिळत नाहीत.

रकमेबद्दल थोडक्यात. सगळ्या उपचारांचा खर्च मागता येत नाही. गाठ वेळेत सापडली असती तरी ऑपरेशनचा खर्च झालाच असता. उशिरामुळे जो जास्तीचा झाला आणि होणार आहे तो मागायचा: केमो, रेडिएशन, प्रवास, बुडालेली कमाई, वेदना, कमी झालेलं आयुष्य. तुम्ही आणि आई घरी जी शुश्रूषा करताय तिचंही मोल इंग्लंडची न्यायालयं धरतात. बाकी ठिकाणी मागून बघायला काही हरकत नाही. त्यासाठी एक साधी वही करा. रोज दोन ओळी: आज कुठे गेलो, किती वेळ लागला, काय खर्च झाला, बाबांना काय करता आलं नाही. वर्षभराने आठवून लिहिलेल्या यादीपेक्षा अशी वही न्यायाधीशाला जास्त पटते. वकिलाची फी आधीच लेखी ठरवा. अमेरिकेत मिळालेल्या रकमेत हिस्सा ठरवून काम करणारे वकील सर्रास भेटतात. भारतात वकिलाला तसा वाटा ठरवता येत नाही, तेव्हा ‘निम्मे माझे’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आता बाबा. दावा त्यांचा आहे. शरीर त्यांचं, सही त्यांची. तुमचा राग कितीही खरा असला तरी त्यांच्या मनाविरुद्ध हे रेटू नका. पण त्यांच्याशी बोलताना ‘कोर्टात जायचं का’ इथून सुरुवात करू नका. एका संध्याकाळी, केमोनंतरचा थकवा उतरलेला असेल तेव्हा, शेजारी बसून त्यांना ती सहावी ओळ वाचून दाखवा. ते म्हणतात तसा डॉक्टरही माणूसच असतो, आणि रेडिओलॉजिस्टच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. पण दाव्यात त्या माणसाला चोर ठरवायचं नसतं. कित्येकदा पैसे त्याच्या खिशातून नव्हे, विम्यातून जातात. शिवाय कोर्टाची पायरी ही शेवटची पायरी असते. तिच्याआधी लेखी खुलासा मागणं आहे, समोरासमोर बैठक आहे, मध्यस्थी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी वडीलधाऱ्यांना पैशांपेक्षा कुणीतरी समोर बसून ‘आमचं चुकलं’ म्हणावं एवढंच हवं असतं. डॉक्टर तसं म्हणायला घाबरतात, कारण माफी म्हणजे कबुली, असं त्यांना वाटतं. इंग्लंडने २००६ च्या एका कायद्यात स्पष्टच लिहून टाकलं की नुसती माफी मागितली म्हणून दोष कबूल केला असं होत नाही. बाबांना काय हवं आहे ते त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. तडजोडीची वेळ आली तर ते शब्द उपयोगी पडतील. तडजोडीच्या कागदावर ‘यापुढे कुणाशी बोलणार नाही’ असं कलम असू शकतं. ते वाचल्याशिवाय सही नको.

त्यांनी ‘नको’ म्हटलं, तरी कागद मागवून ठेवायला ते नाही म्हणणार नाहीत. विचार पुढे बदलला तर हाती काहीतरी असावं, एवढंच सांगा. त्यासाठीचं पत्र मी खाली देते, त्यात फक्त तारखा आणि क्रमांक भरा.

‘मा. वैद्यकीय अधीक्षक, मी आपल्या रुग्णालयात अमुक तारखेला हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो. माझा नोंदणी क्रमांक अमुक. त्याआधी अमुक तारखेला माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. मला पुढील गोष्टींच्या प्रती हव्या आहेत: एक्स-रेची मूळ डायकॉम फाइल, त्याच्या रिपोर्टच्या सर्व आवृत्त्या, पुरवण्यांसह, एक्स-रे मागवणारा फॉर्म, रिपोर्ट कुणी व कधी पाहिला याची संगणकीय नोंद, भूलतज्ज्ञांच्या नोंदी, संपूर्ण केसपेपर व डिस्चार्ज कार्ड. यांपैकी कोणतीही नोंद नष्ट करू नये वा बदलू नये, ही विनंती. प्रतींचं रीतसर शुल्क मी भरेन. माझ्या वतीने माझी मुलगी कागद स्वीकारेल.’

खाली बाबांची सही, तारीख, त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स. पत्राच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि वेळ घ्या. ‘ठेवून जा, आम्ही कळवू’ म्हणाले तरी शिक्का हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.